आकृतीखालची ओळ कोणासाठी असते?

तुमच्या घरात दुसरी-तिसरीतलं मूल असेल, किंवा तुम्ही त्या वर्गांना शिकवत असाल, तर ‘माझं माहितीपुस्तक’ छापाची एखादी वर्कशीट तुमच्या मोबाइलवर येऊन गेलीच असेल. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पीडीएफ वर्षभर फिरत असतात. वर विषय लिहायला एक रेघ, खाली तीन उपशीर्षकांच्या तीन रेघा, चित्रांसाठी दोन चौकोन, प्रत्येक चौकोनाखाली एक ओळ, शेवटी ‘नवीन शब्द’ अशी पट्टी. आणि कोपऱ्यात तपासायची यादी: शीर्षक दिलं का, उपशीर्षकं दिली का, चित्राखाली ओळ लिहिली का. प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायला डबा.

गेल्या दोन वर्षांत मी अशी भरलेली बरीच पानं वाचली, कारण सहा ते नऊ वयाची मुलं विज्ञानाबद्दल काय लिहितात आणि कसं लिहितात, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. (नव्याने आलेल्यांसाठी: एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रात केली, मग झाडांकडून मुलांकडे वळले. आई अजून विचारते, याला सायन्स म्हणायचं का.) त्यातलं एक पान सांगते. विषय आंबा. उपशीर्षकं: आंब्याचा रंग, आंब्याची चव, आंब्याचे उपयोग. मजकूर: आंबा पिवळा असतो, आंबा गोड असतो, आंब्याचा रस करतात. चौकोनात आंब्याचं खरोखर छान चित्र, देठाजवळची काळपट छटासुद्धा सोडलेली नाही. आणि खाली ओळ: ‘हा आंबा आहे.’ नवीन शब्दांच्या पट्टीत: ‘आंबा – एक फळ.’ यादीतल्या सगळ्या डब्यांत खुणा, वर बाईंनी काढलेला तारा.

मुलाचं यात काहीच चुकलेलं नाही. जे मागितलं ते त्याने दिलं. पण हे पान वाचणार कोण? आंबा माहीत नसलेला माणूस त्या गावात आणायचा कुठून? चित्राखाली ‘हा आंबा आहे’ असं लिहिणं त्याला भाग पडलं, कारण चौकोनाखाली रेघ होती आणि रेघ रिकामी ठेवली तर एक खूण कमी झाली असती.

आज या प्रकारच्या शिकवण्यावर बोलायचं आहे. शिक्षकांवर नाही, आधीच सांगून ठेवते. चाळीस मुलं, वर ऑनलाइन माहिती भरायची कामं, आणि त्यात कोणीतरी तयार पीडीएफ दिली तर ती कोण वापरणार नाही? टीका आहे ती पीडीएफच्या मागे उभ्या असलेल्या कल्पनेवर.

आधी शब्दांचं बघू. माहिती देणाऱ्या पुस्तकात नुसता सलग मजकूर नसतो. अनुक्रमणिका, उपशीर्षकं, आकृत्या, आकृतीतल्या भागांना दिलेली नावं, आकृतीखालची ओळ, तक्ते, चौकटी, ठळक केलेले शब्द, शेवटी शब्दार्थ. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून ‘टेक्स्ट फीचर्स’ म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द माझ्या पाहण्यात नाही. ‘मजकुराची वैशिष्ट्ये’ असं भाषांतर या पीडीएफमध्ये दिसतं, पण मला ते पटत नाही. वैशिष्ट्य म्हटलं की ते ओळखायचं आणि पाठ करायचं असं आपल्या डोक्यात येतं. मी इथे त्यांना मजकुराची अवजारं म्हणणार आहे. विळी कशाला असते, तर चिरायला. उपशीर्षक कशाला असतं, तर ज्याला फक्त ‘खातो काय’ एवढंच हवं आहे त्याला बाकीचं न वाचता तिथे पोहोचता यावं म्हणून.

ही पीडीएफ आली कुठून, त्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत २०१० साली ‘कॉमन कोअर’ नावाचे भाषा आणि गणिताचे मानदंड आले आणि बहुतेक राज्यांनी ते स्वीकारले. त्यात पहिलीच्या मुलाकडून अपेक्षा अशी, की शीर्षकं, अनुक्रमणिका, शब्दार्थ वगैरे अवजारं त्याला माहीत असावीत आणि त्यांच्या मदतीने मजकुरातली माहिती शोधता यावी. दुसरीत त्यात चित्राखालची ओळ, ठळक अक्षरं, सूची यांची भर पडते. नीट बघा, अपेक्षेचे दोन भाग आहेत: माहीत असणं, आणि वापरून काहीतरी शोधणं. वर्कशीट बनवणाऱ्यांनी पहिला भाग उचलला, कारण तो कागदावर तपासता येतो. ‘खालील उताऱ्यातील उपशीर्षक पिवळ्या रंगाने रंगवा.’ झालं. शोधायचं काय आणि कशासाठी, हा भाग वाटेत गळून पडला. मग त्याच वर्कशीटची भाषांतरं झाली आणि ती आपल्याकडे येऊन पोहोचली.

तरी या सगळ्याची सुरुवात एका खऱ्या आणि गंभीर तक्रारीतून झाली होती, हे मान्य करायला हवं. नेल ड्यूक या संशोधिकेने पहिलीचे २० वर्ग वर्षभरात अनेक दिवस बसून पाहिले. तिथे मुलांचा वेळ कोणत्या प्रकारच्या मजकुराबरोबर जातो, हे तिने मिनिटांत मोजलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातला आकडा अजून सगळे सांगतात: माहितीपर मजकुराबरोबर दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं. त्यातही गरीब वस्त्यांतल्या शाळांत हा वेळ आणखी कमी. म्हणजे ज्या मुलांच्या घरी माहितीची पुस्तकं असण्याची शक्यता कमी, त्यांना शाळेतही ती कमीच.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की लहान मुलांना गोष्टीच कळतात, माहिती त्यांना जड जाते. क्रिस्टीन पॅपस यांनी १९९३ साली हे तपासलं. अजून वाचता न येणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना गोष्टीचं आणि माहितीचं अशी दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचून दाखवायची, आणि मग ‘आता तू वाच’ म्हणून पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं. मुलं वाचल्याचं नाटक करतात. या नाटकात माहितीच्या पुस्तकाची भाषा मुलांनी गोष्टीइतकीच बरी पकडली. तिथे ‘एकदा एक खार होती’ असं न म्हणता ‘खारी अमुक करतात’ अशी सर्वसाधारण विधानं ती करत होती. डायनासोरवेडं मूल तुमच्या घरात असेल तर यासाठी संशोधनाची गरजही नाही म्हणा.

तर मुलांना झेपतं, आणि शाळेत मिळत नाही. मग शिकवायचं कसं?

इथे मी ज्या निबंधाबद्दल मुख्यतः बोलणार आहे तो येतो. व्हिक्टोरिया पर्सेल-गेट्स, नेल ड्यूक आणि जोसेफ मार्टिन्यू, २००७. दुसरीचे १६ वर्ग घेतले, त्यातले काही पुढे तिसरीतही पाहिले. विषय विज्ञान. लेखनाचे प्रकार दोन: माहिती देणारं, आणि कृती सांगणारं, म्हणजे ‘प्रयोग असा करा’ असं. सगळ्या शिक्षकांना सांगितलं, की मुलांना खऱ्या कारणासाठी वाचायला-लिहायला द्या. वर्गांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाने एवढंच करायचं. दुसऱ्या गटाने याशिवाय त्या लेखनप्रकाराची अवजारं स्पष्ट शिकवायची: ही अनुक्रमणिका, ती यासाठी असते, हे उपशीर्षक, कृती लिहिताना साहित्य आधी, पायऱ्या नंतर.

‘खरं कारण’ म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या कडक आहे. शाळेबाहेरही माणसं ज्या प्रकारचा मजकूर वाचतात-लिहितात तो प्रकार हवा, आणि शाळेबाहेर ज्या कारणासाठी वाचतात-लिहितात ते कारण हवं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. एक वर्ग निसर्गकेंद्रातलं तळं बघून आला. नंतर केंद्राकडून पत्र आलं: इथे येणारी मुलं तळ्यात काय काय राहतं ते विचारत असतात, आमच्याकडे त्यांना द्यायला काही नाही, तुम्ही माहितीपत्रक लिहून द्याल का? आता या वर्गाला वाचक मिळाला. त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, त्याच्या हातात किती वेळ आहे, सगळं ठरलं.

निकाल? वाचन आणि लेखनाची प्रगती मोजायच्या सात मापांपैकी सहांमध्ये अवजारं स्पष्ट शिकवल्याचा काही परिणाम दिसला नाही. उलट, ज्या वर्गांत वाचण्या-लिहिण्याची कारणं जास्त खरी होती, त्या वर्गांची प्रगती सातपैकी चार मापांवर ठळकपणे जास्त होती. आणि कमी शिकलेल्या आई-वडिलांची मुलं इतरांच्याच वेगाने पुढे गेली.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. पण विज्ञानाच्या माणसाने खूश झाल्यावर आधी पद्धतीचं प्रकरण पुन्हा वाचावं. तर वाचू या.

चिठ्ठ्या कशासाठी टाकल्या होत्या? अवजारं शिकवायची की नाही, यासाठी. म्हणजे ‘स्पष्ट शिकवून फारसा फरक पडत नाही’ हा निष्कर्ष प्रयोगावर उभा आहे आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. ‘खरं कारण असलं की प्रगती होते’ हा मात्र तसा नाही. कारणं खरी ठेवायला सगळ्यांनाच सांगितलं होतं. कोणाला ते जास्त जमलं, कोणाला कमी, आणि हा फरक संशोधकांनी वर्गात बसून मोजला. आता ज्या बाईंना हे छान जमलं, त्या मुळातच चांगल्या शिक्षिका असतील, त्यांना विज्ञान जास्त आवडत असेल, त्यांचा वर्ग शांत असेल. श्रेय कारणाचं किती आणि बाईंचं किती, हे या मांडणीतून वेगळं काढता येत नाही. ब्लॉगांवर आणि शिक्षक-प्रशिक्षणात हा निबंध सांगताना दोन्ही निष्कर्ष एकाच दमात सांगतात. तसं करू नये.

दुसरी गोष्ट. अवजारं शिकवण्याचा परिणाम तपासला तो खरी कारणं मिळालेल्या वर्गांत. जिथे फळ्यावरून उतरवणं एवढंच लेखन चालतं, अशा वर्गात स्पष्ट शिकवल्याने काय झालं असतं, ते या अभ्यासाला विचारताच येणार नाही. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक: सारख्या वेगाने पुढे जाणं म्हणजे अंतर मिटणं नव्हे. मागून निघालेली गाडी पुढच्या गाडीच्याच वेगाने चालली तर ती मागेच राहते.

याच मुद्द्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकायला हवं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, सिडनीत, जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांतलं लेखन तपासलं. मुलं सगळा वेळ गोष्टी आणि ‘आम्ही सहलीला गेलो’ प्रकारचे वृत्तांत लिहीत होती. त्यांचा आक्षेप असा, की जगातले निर्णय ज्या लेखनातून होतात ते अहवाल, स्पष्टीकरणं, युक्तिवाद मुलांना कोणी शिकवतच नाही. सुशिक्षित घरातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर मिळून जातात. बाकीच्यांना ‘तुझ्या मनातलं लिही’ म्हणून सोडून दिलं तर ती तिथेच राहतात. म्हणून लेखनप्रकाराची रचना उघडी करून शिकवा. या म्हणण्यात मला बरंच तथ्य दिसतं. आपल्याकडे पहिल्या पिढीचं शिकणारं मूल समोर असताना ‘हेतू द्या, बाकी आपोआप येईल’ असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. फक्त लक्षात घ्या, सिडनीवाले जे शिकवा म्हणत होते ते रचना आणि कारण दोन्ही होतं. आपल्या पीडीएफमध्ये रचनेचा फक्त सांगाडा उरलाय.

आता आपल्या वर्गाकडे येऊ.

शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा मराठी आणि कन्नड वाचन-लेखनावरचा अहवाल २०१७ साली आला. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांमागे ते तीन वर्षं होते. लेखनाबद्दल त्यात जे दिसतं ते प्राथमिक शाळेत गेलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल: लेखन म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं उतरवणं, नाहीतर श्रुतलेखन. स्वतःला काय सांगायचंय ते लिहायची संधी फार थोडी. आपली ३.६ मिनिटं कोणी मोजली तर ती वाचनाची निघतील. स्वतः माहिती लिहिण्याची मिनिटं मोजायला घड्याळ काढावं लागेल का, याची मला शंकाच आहे.

त्यात २०२१ पासून ‘निपुण भारत’ आहे. उद्दिष्ट चांगलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं. पण लक्ष्य शब्दांच्या वेगात मांडलं, की वर्गाचं लक्ष तिथेच जातं: दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६०. मिनिटाला साठ शब्द वाचणाऱ्या मुलीला पानावरचा तक्ता कसा वाचायचा हे कळतं का, ते या आकड्यात दिसत नाही. तक्ता तर डावीकडून उजवीकडे सलग वाचायचाच नसतो!

परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत ही सगळी अवजारं भरपूर आहेत, हे विशेष. आकृत्या, नकाशे, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी. पण मी बसले त्या बहुतेक वर्गांत धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला जातो आणि चौकटही वाटेत आली की वाक्याच्या मध्येच वाचली जाते. चौकट वेगळी का काढली, ती नंतर वाचली तर चालेल का, हे कोणी बोलत नाही.

आणि मग निबंध. आपल्याकडे माहितीपर विषयाचं काय होतं बघा. विषय नदी असेल तर ‘नदीचे मनोगत’. झाड असेल तर ‘मी वडाचं झाड बोलतोय’. आत्मवृत्ताचा प्रकार मला लहानपणी आवडायचा, आजही कोणी चांगलं लिहिलं तर मजा येते. पण विचार करा, वडाबद्दल आठ वर्षांच्या मुलाला जे खरंच सांगता येईल (पारंब्या जमिनीला टेकल्या की खोडासारख्या जाड होतात, फळं आली की कोणते पक्षी येतात, कोणत्या वेळी येतात) ते सगळं ‘माणसांनो, मला तोडू नका’ या शेवटाकडे जायच्या घाईत राहून जातं. वड बोलायला लागला की त्याच्याकडे बघायची गरज संपते. वनस्पतीशास्त्रवालीची ही तक्रार समजा.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पालघर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत काही दिवस बसले होते. तिसरीचा वर्ग. नवीन शिक्षिका घाटावरून बदली होऊन आलेल्या, आणि बाजारात शेवळं बघून त्यांनी मुलांना विचारलं, हे काय आहे? तुम्हीही घाटावरचे असाल तर सांगते: पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून थेट फुलोरा वर येतो, पान नंतर. सुरणाच्या कुळातलं, त्यामुळे नीट न शिजवलं तर घशाला खाज सुटते. मुलं एकदम बोलायला लागली. बाई म्हणाल्या, मला करून बघायचंय, लिहून द्या.

पहिला मसुदा चार ओळींचा. शेवळं आणायची, साफ करायची, काकड घालायची, शिजवायची. बाईंनी तो घेतला आणि अगदी मनापासून प्रश्न विचारले. काकड म्हणजे काय? (‘म्हणजे काकड!’ एका मुलाला हे विचारण्यासारखं आहे हेच पटेना.) साफ करायची म्हणजे काय काढायचं? किती काकडं? दुसऱ्या दिवशी मुलांच्या कागदावर काकडचं चित्र आलं, आंबट हिरवं फळ, आणि खाली ओळ: ‘ही नाही घातली तर घसा खाजतो.’ शेवळाची उभी आकृती आली, आतल्या पिवळ्या भागाला बाण, बाणाच्या टोकाला लिहिलेलं: ‘हा काढून टाकायचा.’ एका मुलीने वर वेगळी चौकट आखून त्यात लिहिलं की शेवळं निवडताना हाताला तेल लावा. ते वर का, मी विचारलं. म्हणाली, बाई आधी हात लावतील आणि मग वाचतील.

चौकट म्हणजे काय, हे तिला कोणी त्या दिवशी शिकवलं नव्हतं. बहुधा पाठ्यपुस्तकात रोज पाहिलेली होती. उपयोग त्या दिवशी सापडला.

हे उदाहरण आहे, पुरावा नाही. एक वर्ग, एक आठवडा, आणि मुद्दाम आखलेलं काही नाही. शिवाय बाई उत्तम होत्या, म्हणजे वर मी जी शंका काढली ती इथेही तशीच लागू. पण त्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी निबंधांत फारशी येत नाही. वर्गात माहिती असलेला पक्ष एरवी शिक्षकाचा असतो. मूल आंब्याबद्दल लिहितं तेव्हा ते बाईंना आधीच माहीत असलेलं बाईंनाच सांगत असतं, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. शेवळाच्या बाबतीत पारडं उलटं होतं. ज्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपासून बरीच लांब आहे, ज्यांना तपासणीत ‘मागे’ म्हणून नोंदवलं जातं, त्यांच्याकडे वर्गातल्या एकुलत्या एक मोठ्या माणसाला हवी असलेली माहिती होती. त्यांचं लेखन चुकलं असतं तर तारा हुकला नसता, घसा खाजला असता.

मग स्पष्ट शिकवायचंच नाही का? शिकवायचं. काही अवजारं गरजेतून आपोआप सुचत नाहीत. ड्यूक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली बालवाडी ते तिसरीच्या मुलांना आकृत्यांबद्दल काय कळतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं. चित्र मजकुराशी संबंधित असतं, हे लवकर कळतं. पण मजकुरात नसलेली जादा माहिती आकृती देऊ शकते, किंवा आकृतीतला काही भाग जास्त महत्त्वाचा असतो, हे उशिरा येतं. हे सांगावं लागतं, दाखवावं लागतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी मुलांच्या चित्रांवर आणि विज्ञान शिकताना होणाऱ्या दृश्य विचारावर बराच काळ काम केलं. तिथल्या ‘स्मॉल सायन्स’ पुस्तकांत मुलांना बघून चित्र काढायला लावतात, पुस्तकातलं उतरवायला नाही. ‘आकृती काढून नावे द्या’ या आपल्या परीक्षेच्या प्रश्नाशी ताडून बघा. तिथे आकृती पाठ असते, नावंही पाठ असतात.

आणि मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत, जे भाषांतरित पीडीएफला माहीतच नाहीत. ‘शीर्षकात मोठी अक्षरं वापरा’ ही सूचना मी देवनागरीत छापलेली पाहिली आहे. आपल्याकडे मोठी आणि लहान अक्षरं आहेत कुठे? ठळक अक्षर पेन्सिलने कसं काढायचं, तर मुलं तीन-तीनदा गिरवतात आणि कागद फाटतो. त्यापेक्षा अधोरेखित करा म्हणावं. पण खरी पंचाईत शब्दार्थाच्या यादीची. ती अक्षरक्रमाने लावायची म्हणजे कोणत्या? बाराखडीत ‘कं’ जवळजवळ शेवटी येतो, अनेक कोशांत ‘कं’ची पानं ‘क’च्याही आधी लागतात. मग कंद आधी की काकड? वर्णमालेत ‘क्ष’ अगदी शेवटी, संस्कृत-हिंदी कोशांत तो ‘क’च्याच घरात. मराठी माहितीपुस्तकांत शेवटी सूची क्वचितच असते, मुलांच्या पुस्तकांत तर मला जवळपास दिसलेली नाही. जे मुलाने कधी वापरलेलंच नाही ते त्याला बनवायला सांगणं म्हणजे पोळी न खाल्लेल्याकडून पोळ्या लाटून घेणं. इथे बाईंनी फळ्यावर क्रम लिहून सरळ शिकवावं. वाट बघू नये.

शिक्षकांच्या बैठकीत हे सगळं बोलले की हमखास एक प्रश्न येतो: मॅडम, मग मार्क कशावर द्यायचे? प्रश्न रास्त आहे. खुणांची यादी वाईट असली तरी तपासायला सोपी असते. माझं सध्याचं उत्तर असं: लिहिलेलं पान ज्याला त्यातलं माहीत नाही अशा कोणाकडे तरी पाठवा आणि तो किती प्रश्न घेऊन परत येतो ते बघा. पहिल्या मसुद्याला सहा प्रश्न आले आणि तिसऱ्याला दोन, तर मूल शिकलं. कोणतं अवजार वापरलं याची नोंद हवी तर करा, पण ज्या प्रश्नाच्या उत्तरात ते आलं त्याच्यासमोर करा.

असा वाचक रोज कुठून आणायचा, हा त्याच्या पुढचा प्रश्न. मोठ्या शाळेत दुसरा वर्ग गाठावा लागतो, वेळ जुळवावी लागते. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान शाळांत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात आणि त्याची सगळे तक्रार करतात. एरवी मीही करेन. या एका कामापुरतं मात्र तिसरीतल्या मुलाचा वाचक, ज्याला अजून फारसं माहीत नाही आणि जो विचारायला लाजत नाही, पलीकडच्या सतरंजीवर बसलेला असतो.